न विकलेली हवा

हर्णैच्या बंदरात साडेचारला होड्या लागतात
आणि लिलाव सुरू होतो पाण्याच्या काठावरच,
ओल्या वाळूत, बैलगाडीच्या चाकाशी.
मी उलट्या क्रेटवर बसतो, मांडीवर वही.
वहीत दिल्लीहून आणलेला तक्ता, घडी घातलेला:
लहरी विकण्याच्या चार पद्धती, चार रकाने,
खाली एक ओळ कोरी: निष्कर्ष.

पहिल्या रकान्याला उदाहरण शोधावं लागत नाही.
आत्या उभीच आहे पदर खोचून, सुरमईच्या ढिगामागे.
साडेपाच हजार... पावणेसहा...
तिचा आवाज चढतो तसा डिंगणकरांचा उस्मान
नुसती भुवई उचलतो.
एक वार. दोन वार.
तिसऱ्या वाराआधी ती जराशी थांबते.
त्या थांबण्याला आमच्या सूत्रात चिन्ह नाही.

सुकटीच्या वखारीत दुसरा.
रुमालाखाली दोन हात, बोटांत बोटं,
कोण किती म्हणाला ते फक्त कातडीला ठाऊक.
बंद पाकीट, मी लिहितो.
इथे जिंकलेला माणूस रात्री कूस बदलत राहतो:
बाकीच्यांना काय दिसलं होतं,
जे मला दिसलं नाही?

तिसरी पद्धत मी आत्याला चहावर समजावली.
जास्त बोलेल त्याचा माल,
पण पैसे द्यायचे दुसऱ्या नंबरच्या बोलीचे.
म्हणजे खोटं बोलायला कारणच उरत नाही.
तिने बशी खाली ठेवली.
"आणि तो दुसरा माझाच माणूस असला तर, मेल्या?"
दिल्लीत एवढ्या प्रश्नाला
तीन दिवसांची परिषद लागली होती.

चौथा रकाना अर्धाच आहे. गाठोड्याची बोली:
किनारा मिळाला तर घाटही हवा,
अर्धा डोंगर घेऊन टॉवर काय करील?

तिथेच पेन अडतं,
कारण मला ते वर्ष आठवतं
जेव्हा आम्ही किमान किंमत इतकी वर बांधली
की सगळ्यात लांब जाणाऱ्या लहरींना,
जाड चिऱ्यातून, माडांच्या ओलीतून
डोंगराला वळसा घालून उतरणाऱ्या त्या लहरींना,
एकही हात वर झाला नाही.
राखून ठेवलं, असं टिपणात लिहिलं मीच.
राखलं कसलं?
न खपलेलं पापलेट दुसऱ्या दिवशी वास मारतं,
अख्ख्या बंदराला कळतं कोणाची चूक.
न विकलेली हवा वास मारत नाही.
ती सेकंदासेकंदाला नासते
आणि फाईल स्वच्छ राहते.

त्याच वर्षी पाडल्याच्या वळणाआड
सुलभा मयेकर फोन हातात धरून टेकडी चढायची,
दाभोळला भाव काय निघाला ते विचारायला.
वर पोचेपर्यंत लिलाव संपलेला असायचा.

कार्यक्षम म्हणजे काय, हेही सांगितलं आत्याला:
ज्याला वस्तूचं मोल सर्वात जास्त
तिच्या हाती, त्याच्या हाती ती जावी.
तिने ऐकून घेतलं.
शेवटच्या दोन टोपल्या मात्र ती पुकारतच नाही.
त्या केळशीच्या जैनबीच्या, कालच्याच भावाने.
"उस्मानकडे बर्फ आहे.
हिच्याकडे नुसते पाय.
आता मोल कोणाचं जास्त, ते तू मोज."
मी समासात लिहिलं: नुकसान, दोन टोपल्या.
मग ते खोडलं. मग खोडलेलं तसंच ठेवलं.

रात्री ओटीवर वायरलेसचा डबा खरखरतो.
एकाच चॅनेलवर जयगड, दाभोळ,
कुठलीशी गुजरातची बोट.
एक बोलतो, बाकीचे थांबतात,
कोणी मध्येच शिवी हासडतो आणि पुन्हा गप्प होतो.
ही हवा इथे कोणी पुकारली नव्हती.
तरी चालते. का, ते मला नीट सांगता येत नाही,
आणि आणखी शंभर बोटी आल्या तर चालेल का, तेही.

तक्त्याची घडी उलगडलेली, ओळ कोरी.
आत्या बटण पिळून आवाज वाढवते.
काळोखातून कोणीतरी विचारतंय:
हर्णै, हर्णै,
सुरमईला काय निघालं?
ओव्हर.